सात नव्या पैशांचा अंक आणि अनुच्छेद १९: ‘सकाळ पेपर्स’ खटल्याचा अभ्यास

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा खटला म्हटलं की जप्त केलेलं पुस्तक, बंद पाडलेलं नाटक किंवा भावना दुखावल्याची फिर्याद डोळ्यांसमोर येते. या खटल्यात तसलं काहीच नव्हतं. छापलेल्या एकाही ओळीला सरकारची हरकत नव्हती. संपादकावर गुन्हा दाखल नव्हता, अंक जप्त झालेला नव्हता. भांडण होतं ते पानं किती आणि किंमत किती, एवढ्यावरच. तरीही सरकार बोलण्यावर कुठवर आणि कोणत्या कारणाने बंधन घालू शकतं, याचा इतका स्वच्छ हिशेब मला दुसऱ्या निकालात क्वचितच दिसला आहे. कायद्याचे विद्यार्थी बहुधा ‘सकाळ पेपर्स विरुद्ध भारत सरकार’ एवढं नाव आणि एक वाक्य पाठ करून पुढे जातात. मजा खरी तपशिलात आहे.

घडलं काय

कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या डॉ. नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा त्याचा रोजचा खप होता ५२ हजार आणि रविवारचा ५६ हजार. आठवड्यातले पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार पानं, किंमत सात नवे पैसे. रविवारचा अंक दहा पानी, त्याला बारा नवे पैसे. सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींना, बाकीची बातम्या, लेख आणि नेहमीच्या सदरांना. आपण कोणत्याही पक्षाचे नाही, असंही याचिकेत सांगितलेलं होतं.

केंद्र सरकारने १९६० मध्ये दैनिकांसाठी किंमत आणि पानांचा आदेश काढला. त्याला आधार होता १९५६ च्या वृत्तपत्र (किंमत व पृष्ठ) कायद्याचा. अमुक किमतीला आठवड्याला जास्तीत जास्त अमुक पानं, असं त्यात कोष्टक ठरवून दिलेलं. जाहिरातींना किती जागा द्यायची हे ठरवण्याचा अधिकारही मूळ कायद्याने सरकारला दिला होता. शिवाय पुरवणी काढायची तर सरकारची परवानगी हवी. त्याआधी पुरवणी कधी काढायची हे संपादक ठरवायचा.

हे आकडे आता ‘सकाळ’ला लावून बघा. रविवार सोडून सहा दिवसांत त्यांची पानं होत होती ३४. या ३४ पानांसाठी कोष्टकाप्रमाणे किंमत पडत होती आठ नवे पैसे. सातच घ्यायचे असतील तर पानं २४ वर आणायची, म्हणजे रोज चार पानं. आठवड्याला दहा पानं गेली. त्यातला जाहिरातींचा वाटा त्याच प्रमाणात कमी झाला असं धरलं, तरी वाचायचा मजकूर साधारण २० पानांवरून १४ वर येतो. चार पानी अंक करताना आधी काय कापलं जातं, हे वर्तमानपत्रात काम केलेल्या कुणालाही विचारा. पहिल्या पानाला कुणी हात लावत नाही. वाचकांची पत्रं जातात, तालुक्याची बातमी जाते, लांबलेला लेख जातो.

आणि दुसरी वाट, म्हणजे एक नवा पैसा वाढवणं? आज एक पैसा ऐकून हसू येईल. पण सातावर एक म्हणजे सुमारे १४ टक्के वाढ, आणि तीही अंकात एक ओळ जास्त न देता. दुकानदार उद्या भाव वाढवतो तेव्हा निदान तो त्याचा स्वतःचा निर्णय असतो. इथे दिल्लीत बसलेलं सरकार पुण्याच्या वाचकाला सांगत होतं की एवढाच अंक हवा असेल तर जास्त पैसे टाक.

कंपनी थेट सर्वोच्च न्यायालयात गेली, अनुच्छेद ३२ खाली, म्हणजे मूलभूत हक्कासाठी थेट तिथे दाद मागता येते त्या तरतुदीखाली. सोबत वाचकांच्याही याचिका होत्या, आणि त्यांच्याकडे माझं लक्ष जास्त जातं. मालकाच्या धंद्याचं जे व्हायचं ते होईल, पण कमी वाचायला मिळणार आहे ते आम्हाला, अशी ती तक्रार. वर्तमानपत्राच्या स्वातंत्र्याच्या खटल्यात वाचक पक्षकार म्हणून उभा राहिला, ही गोष्ट निकालाच्या सारांशांमध्ये बहुतेकदा एका ओळीत उरकली जाते.

कायद्याचा हेतू वाईट होता का?

अजिबात नाही, आणि म्हणूनच प्रकरण अवघड होतं. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या प्रेस कमिशनने १९५४ मध्ये अहवाल दिला. मोठ्या भांडवलाची वर्तमानपत्रं जाहिरातींच्या जोरावर कमी पैशात जास्त पानं देतात, त्यात लहान पत्रं चिरडली जातात, म्हणून किमतीशी पानांची सांगड घाला, अशी त्यातली एक शिफारस होती. कायद्याने तीच उचलली. कलम ३ मध्ये हेतू स्पष्ट लिहिला होता: अनुचित स्पर्धा रोखणं, आणि त्यायोगे वर्तमानपत्रांना, विशेषतः कमी साधनांच्या आणि भारतीय भाषांतल्या पत्रांना, अभिव्यक्तिस्वातंत्र्याची अधिक संधी मिळवून देणं.

भारतीय भाषांतली पत्रं! आणि त्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान द्यायला कोण आलं, तर पुण्याचं मराठी दैनिक. ज्यांच्या भल्यासाठी हे सगळं चाललं होतं त्यांच्यातलाच एक जण उठून ‘नको तुमचं भलं’ म्हणाला.

राज्यघटनेतले दोन रस्ते

इथून पुढचा सगळा वाद अनुच्छेद १९ च्या रचनेवर उभा आहे, त्यामुळे तिथे जरा थांबायला हवं. नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य मिळतं उपखंड (क) खाली, आणि धंदा-व्यवसायाचं स्वातंत्र्य मिळतं उपखंड (छ) खाली. दोन्हींवर वाजवी निर्बंध घालता येतात, पण दोन्हींची कारणं वेगळी. धंद्यावरच्या निर्बंधाला खंड (६) मध्ये ‘सर्वसामान्य जनतेचं हित’ एवढं मोघम कारण पुरतं. बोलण्यावरच्या निर्बंधासाठी खंड (२) मध्ये मोजकी यादी दिली आहे. १९६१ मध्ये त्या यादीत सात गोष्टी होत्या: राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता हे आठवं कारण १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने आलं.

या यादीत जनहित नाही. बोलणाऱ्या अनेकांना, अगदी वकिलांनाही, ही गोष्ट लक्षात राहत नाही. टीव्हीवरच्या चर्चेत ‘स्वातंत्र्य आहे, पण समाजहिताच्या मर्यादेत’ असं कुणी म्हणालं की सगळे माना डोलावतात. राज्यघटनेने मात्र तसं कुठेही म्हटलेलं नाही.

वर्तमानपत्राची गोम अशी की ते दोन्हीकडे बसतं. ते बोलणंही आहे आणि धंदाही. कागद विकत घ्यावा लागतो, पगार द्यावे लागतात, विक्रेत्याला कमिशन द्यावं लागतं. मग त्याला लावायचा निकष कुठला?

सरकारची सगळी बाजू याच दुहेरीपणावर उभी होती. आम्ही कुणाला काही लिहायला मनाई केलेली नाही, आम्ही धंद्याचं नियमन करतोय, मक्तेदारी मोडतोय आणि ते जनहितात बसतं, म्हणून खंड (६) लावा. त्याचा परिणाम म्हणून खप थोडा कमी झालाच तर तो आनुषंगिक, उद्देश तो नव्हे. जोडीला दोन पूर्वनिर्णय होते. १९५८ च्या एक्स्प्रेस न्यूजपेपर्स खटल्यात न्यायालयाने श्रमिक पत्रकारांचा कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कसोटीवर वैध ठरवला होता, म्हणजे वर्तमानपत्राला कामगार कायदे लागू होतात हे मान्य झालं होतं. (वेतन मंडळाचा निर्णय तेव्हा वेगळ्या कारणाने रद्द झाला.) दुसरा होता हमदर्द दवाखान्याचा, १९५९ चा. औषधांच्या जाहिरातींवरची बंधनं त्यात तपासली गेली आणि निव्वळ व्यापारी जाहिरात म्हणजे अभिव्यक्ती नव्हे, असा सूर लागला होता.

निकाल

२५ सप्टेंबर १९६१ रोजी घटनापीठाने निकाल दिला. तो लिहिला न्यायमूर्ती जे. आर. मुधोळकर यांनी. पुढे सज्जनसिंग खटल्यात, राज्यघटनेची मूलभूत वैशिष्ट्यं घटनादुरुस्तीने बदलता येतील का, हा प्रश्न उपस्थित करणारे मुधोळकर ते हेच.

पहिला मुद्दा त्यांनी १९५० च्या रोमेश थापर निकालावरून घेतला. छापलेलं लोकांपर्यंत पोचवणं हा अभिव्यक्तीचाच भाग आहे, हे तिथे ठरलं होतं. मुधोळकरांनी ते एक पाऊल पुढे नेलं. हक्क फक्त काय छापायचं याचा नाही, किती प्रती किती लोकांपर्यंत जाणार याचाही आहे. मजकूर आणि खप, दोन्ही त्यात आले.

एवढं मान्य केलं की ‘सकाळ’ची कोंडी स्पष्ट दिसते. किंमत वाढवा, खप घटेल. पानं घटवा, मजकूर घटेल. कुठल्याही बाजूला वळलं तरी घाव अनुच्छेद १९(१)(क) वरच बसतो. किंमत वाढवायला तुम्हाला कुणी अडवलंय का, हा सरकारचा बिनतोड वाटणारा प्रश्न इथे गळून पडतो.

मग ‘आनुषंगिक परिणामा’चं काय? न्यायालयाने कायद्याचा हेतूच समोर ठेवला. काही पत्रांचा खप आवरला तरच दुसऱ्यांना वाव मिळेल, हीच जर योजना असेल, तर खप कमी होणं हा अपघात कसा? तो तर कायद्याचा थेट आणि हवा असलेला परिणाम. धंद्याच्या नियमनाचं नाव दिलं म्हणून त्याचं स्वरूप बदलत नाही. कामगार कायदा सगळ्या कारखान्यांसारखा छापखान्यालाही लागतो, त्यात कुणाचं बोलणं कमी करण्याचा विचार नसतो. इथे मोजमापच पानांचं आणि प्रतींचं होतं.

जाहिरातींचा मुद्दाही याच धाग्याने सुटला. हमदर्द खटल्यात जाहिरातच वादाचा विषय होती. इथे जाहिरात वर्तमानपत्राला पोसते. तिची जागा कापली की उत्पन्न घटतं, उत्पन्न घटलं की किंमत चढते, किंमत चढली की वाचक तुटतो. म्हणजे जाहिरातीवरचा नियम फिरून बातमीवरच येतो. (जाहिरातीला स्वतःच्या बळावर अभिव्यक्ती म्हणून मान्यता मिळायला १९९५ चा टाटा प्रेस निकाल यावा लागला.)

आणि मग निकालाचा गाभा. जनहितासाठी धंद्यावर निर्बंध घालायचा अधिकार सरकारला असेलही. पण ते साधण्यासाठी त्याच नागरिकाच्या दुसऱ्या अशा हक्काला थेट कात्री लावता येणार नाही, ज्यावर जनहिताच्या कारणाने निर्बंध घालता येत नाहीत. एकाचं स्वातंत्र्य वाढवण्यासाठी दुसऱ्याचं कमी करता येत नाही. कमी करायचंच असेल तर यादीतलं कारण दाखवा. मक्तेदारी यादीत नाही, अनुचित स्पर्धा यादीत नाही. कलम ३(१) घटनाबाह्य, आणि त्यावर बेतलेला १९६० चा आदेशही.

पुरवणीच्या परवानगीबद्दल माझं एक टिपण. निकाल लागला ते वर्ष पुण्याच्या इतिहासात वेगळ्याच कारणाने नोंदलेलं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि निम्मं शहर पाण्यात गेलं. कुठल्या पेठेत पाणी आहे, कुठे आसरा मिळेल, कोण सापडत नाही, हे लोकांना कळायला हवं अशा वेळी संपादकाने जादा पानांसाठी दिल्लीकडे अर्ज करून वाट बघायची, असा नियम कागदावर कितीही निरुपद्रवी दिसला तरी प्रत्यक्षात काय करतो, हे त्या एका प्रसंगावरून कळतं. पूर्वपरवानगी मजकूर न तपासताही गळा दाबू शकते. वेळ गेली की बातमी जाते.

पुढे काय झालं

दहा वर्षांनी तोच प्रश्न कागदाच्या रूपाने परत आला. आयात न्यूजप्रिंटच्या १९७२-७३ च्या धोरणात वर्तमानपत्रांवर कमाल दहा पानांची मर्यादा आली. प्रती कमी करून पानं वाढवायची मुभाही नाही. बेनेट कोलमन खटल्यात बहुमताने हे धोरण रद्द केलं, आणि त्याचा पाया ‘सकाळ’चाच होता: नाव काय दिलंय ते बघू नका, परिणाम कुठे होतो ते बघा.

न्यायमूर्ती मॅथ्यू मात्र एकटे विरुद्ध गेले, आणि त्यांचं मत आजही मन लावून वाचण्यासारखं आहे. स्वातंत्र्य फक्त छापणाऱ्याचं नसतं, वेगवेगळी मतं ऐकण्याचा लोकांचाही हक्क असतो; कागद तुटपुंजा असेल तर तो वाटून देणं म्हणजे गळचेपी नव्हे, असा त्यांचा रोख होता. पुढे दुसऱ्या प्रेस कमिशनचे अध्यक्ष तेच झाले आणि १९८२ च्या त्यांच्या अहवालात किंमत-पानांच्या कोष्टकाची शिफारस पुन्हा आली. कायदा मात्र परत आला नाही.

या निकालाचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो छापील कागदाशी संबंधच नसलेल्या प्रकरणात. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर फेसबुकवर लिहिलेल्या मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ वरून देशभर चर्चा पेटली ती तिथून. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात हे कलम रद्द झालं, आणि ते करताना न्यायमूर्ती नरिमन यांनी ‘सकाळ’मधला तोच गाभ्याचा भाग समोर ठेवला. त्रासदायक, गैरसोयीचं, अत्यंत आक्षेपार्ह, हे कलम ६६-अ मधले शब्द खंड (२) मधल्या कुठल्या कारणात बसतात? बसत नाहीत. मग जनहिताचं नाव घेऊन ते आत आणता येणार नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणी मंत्र्यांच्या बेताल बोलण्यावर जादा निर्बंध घालता येतील का, असा प्रश्न आला, तेव्हाही घटनापीठाने सांगितलं की खंड (२) ची यादी परिपूर्ण आहे, तिच्याबाहेरचं कारण न्यायालयालाही जोडता येत नाही.

मला पटतं ते आणि खटकतं ते

पटतं ते हे, की न्यायालयाने हेतूची भुरळ पडू दिली नाही. चांगल्या हेतूचा निर्बंध एकदा चालवून घेतला की पुढच्या सरकारला फक्त हेतू चांगला लिहिता यायला हवा, आणि ते कुठल्याही सरकारला जमतं. पानांचं कोष्टक ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हातात, त्याला उद्या टीका करणाऱ्या पत्राला कोष्टकाच्या कुठल्या रकान्यात टाकायचं हेही ठरवता येतं. यासाठी कुणी दुष्ट असायची गरज नाही.

खटकतं ते असं. निकाल सांगतो की हे दार चुकीचं आहे. बरोबर दार कुठलं, याचं उत्तर तो जवळपास देत नाही. राजाध्यक्ष कमिशनने मांडलेली अडचण खरी होती. ५२ हजार खपाचं ‘सकाळ’ मुंबईच्या बड्या इंग्रजी पत्रांपुढे लहान असेल, पण जिल्ह्याच्या गावी हाताने खिळे जुळवणाऱ्या चार पानी पत्रापुढे तेही मोठंच. त्या लहान पत्राची बाजू मांडणारं न्यायालयात सरकारखेरीज कुणी नव्हतं, आणि सरकारने ती मांडली ती चुकीच्या हत्याराने. पुढे ‘सकाळ’ राज्यातल्या सगळ्यात मोठ्या वृत्तसमूहांपैकी एक झाला. १९९० च्या दशकात इंग्रजी दैनिकांनी किंमत उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली नेऊन दरयुद्धं खेळली, तेव्हा ती अडवायला १९५६ चा कायदा नव्हता आणि त्याच्या जागी दुसरंही काही उभं राहिलेलं नव्हतं.

निकालाच्या चौकटीत राहून करण्यासारखं बरंच होतं. लहान पत्रांना थेट मदत देता येते: कागदावर सवलत, टपाल दरात सूट, सरकारी जाहिरातींचं नियमाने वाटप. यात कुणाची पानं कापली जात नाहीत. यातल्या सरकारी जाहिरातींचं प्रकरण वेगळं आणि कटू आहे. त्या कुणाला मिळतात आणि कुणाच्या अचानक थांबतात, यावर छोट्या पत्राचं धोरण ठरतं हे या धंद्यातल्या कुणालाही माहीत आहे, आणि ‘परिणाम कुठे होतो ते बघा’ ही कसोटी त्यालाही लावायला हरकत नाही.

दुसरा मार्ग सगळ्यांना सारखा लागू होणाऱ्या कायद्याचा, कामगार कायद्यासारखाच. २००२ च्या स्पर्धा कायद्यातलं कलम ४ बाजारात वर्चस्व असलेल्याने प्रतिस्पर्ध्याला संपवण्यासाठी खर्चाखाली किंमत लावली तर त्याला हात घालतं, मग तो सिमेंट विकत असो की वर्तमानपत्र. त्यात पानं मोजावी लागत नाहीत. पण त्या दारातून आत जायचं तर आधी संबंधित बाजार कुठला ते ठरवा, मग समोरच्याचं त्यातलं वर्चस्व सिद्ध करा, मग त्याचा उत्पादनखर्च काढा. तालुक्याचं साप्ताहिक चालवणाऱ्या माणसाकडे इतका वेळ आणि इतके वकील येईपर्यंत त्याचा छापखाना बंद पडलेला असतो.